ज्योतिबाच्या हाताचं माप

उंब्रजच्या नाक्यावर माझं हॉटेल होतं त्या वेळची ही गोष्ट. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि फळीवर रेडिओ. चहा बरा असायचा, भजी त्याहून बरी. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाईक यायचं ते रेडिओसाठी. बॅटरीवर चालणारा तो डबा मी हौसेनं पुण्याहून आणला होता आणि त्याला कुणी बोट लावलेलं मला खपत नसे. लोक म्हणायचे, बाळासोच्या घरात चोर शिरला तर ह्यो आधी रेडिओला मिठी मारंल, बायकापोरांचं मग बघंल. म्हणू देत. माझं तोंड तरी कुठं गोड होतं?

ज्योतिबा हा हरणाबाईचा थोरला. कृष्णेकाठची उसाची जमीन, बाप लवकर गेलेला, पाठीवर एक भाऊ, गुंडा. ज्योतिबा माझ्याच वयाचा. आम्ही दोघं गुरं घेऊन नदीला जायचो तेव्हापासून त्याच्या कमरेला बासरी असायची. गुरं कुणाच्या उसात शिरली, कुणी शिव्या दिल्या, ह्याला पत्ता नसायचा. पुढं मारुतीच्या देवळात आमचं भजनी मंडळ उभं राहिलं ते निम्मं त्याच्या बासरीवर. अभंग कोण म्हणतंय हे लोक विसरायचे, बासरी कुणाची हे विसरायचे नाहीत. लढाई सुरू झाली तेव्हा गावातली पोरं भरती झाली, त्यात तोही गेला. तिकडं त्याला टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर घातलं. आफ्रिका झाली, इटली झाली. इटलीत तारा जोडताना सुरुंग फुटला आणि त्याच्या डाव्या हाताला लागलं, एवढंच आम्हाला कळलं होतं.

सेहेचाळीस साली तो परत आला. चैत्राचं ऊन, गावात माणसं उघडी फिरत होती, आणि हा गडी मिल्ट्रीचा जाड कोट घालून. डावा हात कायम कोटाच्या खिशात. देवळात यायचा, खांबाला टेकून बसायचा, भजन ऐकायचा आणि आरतीच्या आधी उठून जायचा. कोण म्हणालं रुबाब आलाय, कोण म्हणालं इटलीची थंडी अंगात राहिलीया. हातात काय उरलंय हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. आमच्या गावाची ही रीतच आहे. माणसाच्या दुखण्याबद्दल तोंडावर एक शब्द काढायचा नाही, माघारी मात्र पार चिरफाड करायची. त्याच्याशी बोलताना आम्ही सगळे असे गोड झालो होतो की माझी मलाच शिसारी यायची. मी, बाळासो, त्याला ‘बसा, चहा घ्या’ म्हणायचो! ज्याच्या पाठीत मी लहानपणी शेणाचे गोळे मारले त्याला!

एके दिवशी दुपारी हॉटेलात कुणी नसताना तो फळीपाशी जाऊन उभा राहिला.

“बाळासो, ह्यो डबा जरा फिरव. पाठीमागं काय हाय बघू दे.”

दुसरा कुणी असता तर मी झारा फेकून मारला असता. पण मगाशी सांगितलं तसं, आमच्या तोंडात साखर होती. मी रेडिओ फिरवला. त्यानं वाकून बघितलं आणि दोन बारक्या भोकांवर बोट ठेवलं.

“हितं ग्रामोफोन जोडत्यात. म्हंजे हितं माझं वाद्यबी जोडता येतंया.”

“कसलं वाद्य?”

“गिटार. इजेवरची.”

मग त्यानं सांगितलं. इटलीत अमेरिकन पलटणीचा बॅन्ड होता, त्यात एकजण गळ्यात पट्टा अडकवून उभ्यानं वाजवायचा. वाद्याला बाईसारखी कंबर, आणि त्यातनं एक तार निघून डब्यात गेलेली. वाद्यातल्या तारांखाली लोहचुंबक असतं, चुंबकाभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरची तार थरथरली की खालच्या तारेत वीज उठते आणि डबा ती मोठी करून बोलतो. टेलिफोनातही हेच असतं, म्हणाला, फक्त तिथं माणूस बोलतो. मला त्यातलं निम्मं कळलं. एक मात्र पक्कं कळलं. त्याला परत भजनात बसायचं होतं, खांबाला टेकून नव्हे, वाजवणाऱ्यांच्या रांगेत. बासरी आता होणार नव्हती. हे बोलताना त्याचा आवाज इतका हळू झाला की मी नुसतं ‘बरं’ म्हणालो आणि भट्टीकडं वळलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, धुराचं निमित्त बरं सापडलं.

तर अशी ती गिटार करायची ठरली, आणि करणार कोण? आकाराम सुतार. गावात दुसरा होताच कोण!

आकाराम म्हणजे पन्नाशीचा, वाळका, गालात तंबाखू धरून बोलणारा माणूस. गाड्या, नांगर, पाळणे, दारं करायचा. त्याची एक खोड होती, म्हणजे त्याच्या मते नेम होता. माप तो अंगावरच घ्यायचा. नांगराला धरायचं रुमणं करायचं तर शेतकऱ्याला बोलवायचा, त्याची मूठ दोऱ्यानं मापायचा आणि मगच लाकूड तासायला वाकस हातात घ्यायचा. “कागदाला कुठं हात असत्यात?” असं म्हणायचा. एकत्रातले भाऊ असले तर मात्र एकाची मूठ त्याला चालायची, कारण नांगर दोघांचा, आणि सख्ख्या भावांची मूठ एकच असते असा त्याचा समज. गावानंही तो मानला होता.

आम्ही त्याच्या छपरात गेलो. ज्योतिबानं कोळसा घेतला आणि भिंतीवर उजव्या हातानं दोन चित्रं काढली. पहिलं कंबरेचं, लांब मानेचं. दुसरी नुसती फळी, पाटासारखी, वर तारा.

“ह्ये दुसरं काय?” आकारामनं विचारलं.

“त्ये दवाखान्यात बघितलं हुतं. एका जायबंदीच्या मांडीवर. लोखंडाची कांडी तारंवरनं सरकवून वाजवायचा. आवाज लय गोड, बासरीवानी सरकत जातुया.”

“मग त्येच करू की. सोपं हाय.”

“न्हाई.” ज्योतिबा पटकन म्हणाला. “त्ये रोग्याचं हाय. दवाखाना गावात आणायचा न्हाई मला. पयलं करायचं.”

आकारामला पहिलंही पसंत नव्हतं. “आरं, पर हिला पोट कुठं हाय? वीणा बघ, तंबोरा बघ, सगळ्यास्नी पोट. पोट न्हाई ते वाद्य बोलणार कुठनं?”

“पोट बाळासोच्या फळीवर हाय.”

“माझ्या रेडिओचं नाव काढायचं न्हाई!” मी ओरडलो. पण ते दोघं हसले आणि मग मलाही हसू आलं. ज्योतिबा परत आल्यापासून पहिल्यांदा हसला होता. त्या हसण्यापायी मी रेडिओ सोडला, दुसरं काही कारण नाही.

पुढचे काही दिवस सगळ्या गावाला त्या चित्रांचंच खूळ लागलं. आकारामच्या छपरात माणूस यायचा कुळवाचं दांडं घेऊन आणि भिंतीपुढं उभा राहायचा. एकाचं म्हणणं कंबर जाड करा, हातात दम वाटंल. दुसऱ्याचं, वरच्या टोकाला मोराची मान काढा. तिसरा म्हणाला, कंबर आहे तर नथ पण घाला, म्हंजे लगीनच उरकून टाकू. बायका पाण्याला जाताना तोंडाला पदर लावून बघून जायच्या. फळीच्या चित्राकडं मात्र कुणी बघत नव्हतं. त्यात बघण्यासारखं होतंच काय?

शेवटी कंबरेची ठरली. पाठ-पोट एकच, सागवानी फळीची. मान शिसवाची. आकाराम म्हणाला, “मानंची जाडी हातावर हाय. डावा हात दाव.”

 मी खाली भुशाकडं बघायला लागलो. ज्योतिबाचा हात खिशातच होता.

“माझं आज जरा काम हाय,” तो म्हणाला. “गुंडाला धाडतो. आमची मूठ एकच हाय.”

आणि गेला. आकारामनं माझ्याकडं बघितलं, मी आकारामकडं बघितलं.  सख्खा भाऊ आहे, एकत्रातलं घर आहे, नेमाला धरून आहे. झालं. दुसऱ्या दिवशी गुंडा आला, बैलासारखा दांडगा गडी. आकारामनं त्याच्या पंजावर दोरा टाकला, गाठी मारल्या आणि कामाला लागला.

मधे मी आणि ज्योतिबा मिरज-सांगलीला जाऊन आलो. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतनं तारा आणि मानेवर बसवायचे पितळेचे पडदे घेतले. दुकानदारानं विचारलं, कुठलं वाद्य? ज्योतिबानं सांगितलं तर तो म्हातारा माणूस म्हणाला, “देव भलं करो.” सांगलीत पंख्याच्या मोटारी भरणारा एकजण होता. ज्योतिबानं पलटणीतनं आणलेलं टेलिफोनचं मोडकं कानाचं यंत्र पुढं ठेवलं, त्यातलं चुंबक काढलं, आणि मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते मला परक्या मुलखातलं. त्या माणसानं बारीक तार गुंडाळून दिली. ज्योतिबा एका हातानं सगळं करत होता. तारेचं टोक दातात धरायचा, गुडघ्यानं दाबायचा. मी दोनदा मदतीला हात पुढं केला आणि दोनदा मागं घेतला.

जेठ लागायच्या आत वाद्य तयार झालं. काय सांगू तुम्हाला, नजर ठरत नव्हती! आकारामनं तेलपाणी करून असं घोटलं होतं की सागाचे डोळे हसत होते. कंबर अशी की कुणाचाही हात आपसूक तिच्यावर जावा. मोराची मानही त्यानं काढलीच, गावाचं मन मोडायचं नाही म्हणून. हरणाबाईनं येऊन नव्या औताला लावतात तसं हळदीकुंकू लावलं. पडद्यांच्या जागा आम्ही देवळातल्या पेटीशी सूर जुळवत जुळवत ठरवल्या होत्या, आणि तारा दाबायचं काम गुंडानं केलं होतं. सूर कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं, पण दाबायचा जोरात.

माझ्या हॉटेलात ती लावून बघायचं ठरलं. बाकडी बाहेर काढली तरी माणूस मावेना. ज्योतिबानं दोन तारा रेडिओच्या भोकांत घातल्या, बटण फिरवलं. रेडिओ गुणगुणायला लागला. उजव्या अंगठ्यानं त्यानं एक तार छेडली आणि मोकळ्या तारेचा तो आवाज फळीवरनं असा आला की म्हाताऱ्यांनी हात जोडले. पोटाशिवाय बोलली! आकाराम तंबाखू थुंकायला बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही. भारावला होता बिचारा.

“आता वाजव की!” कुणीतरी ओरडलं. “एखादा अभंग हू दे!”

ज्योतिबानं पट्टा गळ्यात अडकवला. उभा राहिला. मान डावीकडं, तिच्या शेजारी कोटाचा खिसा. आम्ही सगळे त्या खिशाकडं बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. घाम त्याच्या कानामागनं कोटाच्या गळ्यात उतरत होता. खिशात हात हलला. वर आला नाही. त्यानं परत मोकळी तार छेडली, एकदाच, मग पट्टा काढला आणि गिटार गुंडाच्या हातात दिली.

“नंतर बघू,” म्हणाला आणि माणसांतनं वाट काढत गेला.

गुंडा ती मान धरून उभा. त्याच्या पंजात ती अशी बसली होती की बघवत नव्हतं.

त्या दिवशी माझा जो संताप झाला तो सांगायची सोय नाही. चहाचं आधण उतू गेलं, मी गिऱ्हाइकांवर खेकसलो, घरी बायकोवर खेकसलो. राग नेमका कुणावर होता ते मला सांगता आलं नसतं. सकाळी उठलो आणि भांडायला म्हणून तडक आकारामकडं गेलो.

“तात्या, तुमी माप कुणाचं घेतलं?”

“गुंडाचं. तुझ्याम्होरंच घेतलं.”

“आणि वाजवायची कुणी?”

“मग तू हुतास की तितं! का न्हाई बोललास?”

मी आणखी मोठ्यानं बोललो. आमचं असं जुंपलं असताना हरणाबाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लुगड्यात गुंडाळलेली ती गिटार. म्हातारीनं ती उतरवून आकारामपुढं ठेवली आणि खाली भुशातच बसली.

“आकाराम, ही परत घे बाबा. पोरगं काल जेवलं न्हाई.”

“काकी, माझं चुकलं. पर मला हात बघाय मिळंना तर मी काय करू?”

 हरणाबाईनं स्वतःचा डावा हात पुढं केला. आधी पहिलं बोट मिटलं, मग मधलं, मग तिसरं. उजव्या हातानं ती तीन बोटं तिनं घट्ट दाबून धरली. वर अंगठा आणि करंगळी.

“असा हाय त्येचा हात,” म्हणाली. “ह्या दोनांवर करता यील तसं कर. घे माप.”

आकारामच्या हातात दोरा होता, पण तो तसाच लोंबत राहिला.  तीन बोटं! म्हणजे बासरीची सगळी वरची भोकं. एवढे दिवस हे पोरगं हे खिशात घेऊन आमच्यात बसत होतं आणि आम्ही त्याला बसा, चहा घ्या म्हणत होतो. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

“घे की रं माप,” म्हातारी म्हणाली. “बोटं कळ मारत्यात मिटून.”

“घेत न्हाई, काकी,” आकाराम हळूच बोलला. “एकदा दुसऱ्याच्या हातावर फसलो. ज्येचा हात त्येनंच यायला पायजे.”

“त्यो न्हाई यायचा. मलाबी दोनदाच दिसलाय.”

“आये.”

आम्ही वळून बघितलं. ज्योतिबा छपराच्या मेढीला धरून उभा होता. आई घरात दिसली नाही, गिटार दिसली नाही, म्हणून मागोमाग आला असणार. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. आईच्या त्या मिटलेल्या बोटांकडं तो बघत होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मी मान फिरवली.

“आये, सोड ती बोटं,” म्हणाला. “उघड आधी हात.”

हरणाबाईनं हात उघडला नाही. तशीच बसून राहिली. मग त्यानं जवळ येऊन गुडघे टेकले, कोट काढला, पहिल्यांदाच काढला, आणि डावा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. तळव्यावर आडवा वण, तीन बुंधे, एक अंगठा, एक करंगळी.

“घे तात्या. ह्याचं माप घे.”

आकारामनं दोरा सरळ केला. हळहळला नाही, आरारा म्हणाला नाही, काही नाही. गुंडाच्या पंजावर टाकला होता तसाच दोरा टाकला. “अंगठा दमदार हाय,” म्हणाला. “करंगळी वाकती का? वाकव. आणिक. बास. तळव्यात जोर लागतुया का? माझं बोट दाब. आरं, मोडशील की!” आणि हरणाबाई तिथं भुशात बसून पदरात तोंड घालून रडली. मी पण रडलो, लपवत नाही. आकाराम तेवढा गाठी मारत होता.

माप झाल्यावर ज्योतिबानं भिंतीकडं बघितलं. कंबरेचं चित्र येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटांनी काळवंडलं होतं. त्यानं फळीच्या चित्रावर हात ठेवला.

“ह्ये करू,” म्हणाला.

“रोग्याचं?” आकारामनं विचारलं. असलं विचारायची छाती त्याचीच.

“त्यो बरा झाला हुता, त्ये मी सांगितलं न्हाई तुमास्नी,” ज्योतिबा म्हणाला. “नाचत घरला ग्येला.”

मग जे काम झालं ते बघायला गाव आलं नाही, कारण फळीत बघण्यासारखं काही नव्हतं. पण खरं काम तेच. पहिल्या गिटारीची कंबर ज्योतिबानं स्वतः करवतीनं कापली. मला बघवेना, मी बाहेर उभा राहिलो. त्याच सागाची फळी झाली. तिकडचे लोक खुर्चीवर बसून वाजवत असणार, कारण दोन गुडघ्यांवर ठेवलं तर ते वाद्य सरळ राहायचं. आमचं भजन मांडी घालून. मांडीवर फळी ठेवली की ती डुगडुगायची. आकारामनं ज्योतिबाला मांडी घालून बसवलं, फळी ठेवली, खालनं खुणा केल्या, आणि दोन्ही मांड्यांच्या जागी लाकूड कोरून काढलं. मग ती अशी बसली की त्याला उठायचं म्हटलं तरी ती सोडेना. सरकवायच्या लोखंडी कांडीला त्यानं लाकडाची मूठ केली, खुरप्याला करतात तशी, पण अंगठा आणि करंगळी ह्या दोघांच्यात बसणारी, वर चामड्याचा पट्टा. ती मूठ त्यानं किती वेळा तासली आणि किती वेळा फेकली ते तोच जाणे. ज्योतिबा घालून बघायचा, मान हलवायचा, आकाराम शिवी घालायचा आणि नवीन लाकूड घ्यायचा. एक दिवस मान हलली नाही.

एकादशीला दिवस मावळायच्या सुमाराला भजन होतं. रेडिओ मी स्वतः देवळात नेला, कडेवर, वर घोंगडी घालून. बॅटरी गुंडाच्या डोक्यावर. वाटेत भेटेल त्याला मी सांगत होतो, लांबनं चला, लांबनं!

ज्योतिबा वाजवणाऱ्यांच्या रांगेत बसला. अंगात नुसता सदरा. हात उघडा. बायकांच्या बाजूनं थोडी कुजबुज झाली, मग थांबली. मृदंग सुरू झाला, पेटीनं सूर दिला, आणि त्यानं डाव्या हातातली कांडी तारेवर ठेवून उजव्या अंगठ्यानं तार छेडली. तो सूर एका जागी थांबला नाही, खालनं वर सरकत गेला आणि वरच्या सुराला जाऊन टेकला. बासरी! तीच! नदीकाठची! आवाज निराळा होता, डब्यातनं येत होता, पण फुंकणारा तोच होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. अभंग म्हणणारे म्हणायचं विसरले. मागं हरणाबाई बसली होती, तिच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

भजनात माझ्याकडं झांज असते. मला ताल कधीच फारसा जमला नाही, पण सगळे सांभाळून घेतात, कारण प्रसादाचा चहा माझ्याकडचा. त्या दिवशी तर माझं ध्यान तालावर नव्हतंच. मी त्याच्या हाताकडं बघत होतो, दोन बोटांत धरलेली ती मूठ कशी चालतेय ते, आणि झांज आपली कुठंही वाजत होती.

तार थांबली. ज्योतिबानं मान वर केली. कपाळाला आठ्या, डोळे लाल, आणि तोंडातनं साऱ्या देवळाला ऐकू जाईल असा आवाज.

“ए बाळासो! झांज वाजवतुयास का भांडी घासतुयास? झांज सोड आणि घरला जा, न्हाईतर नीट वाजीव!”

हे तो डावा हात माझ्यावर उगारून बोलला. कांडी पट्ट्याला लोंबत होती आणि ते तीन बुंधे आणि ती करंगळी सगळ्या गावापुढं माझ्या नाकासमोर हलत होती. त्याला भान नव्हतं. सगळं देऊळ त्या हाताकडं बघत होतं आणि त्याला फक्त माझी चुकलेली झांज दिसत होती. इटलीहून आल्यापासून तो कुणाला एक वाकडा शब्द बोलला नव्हता, आणि आम्ही त्याला.

“वाजवतो की रं, बोंबलतुयास कशाला?” मी म्हणालो. 

“मग वाजीव!”

मी झांज सावरली आणि ठेका धरला.